नागपुरात पहिली हाफ मॅरेथॉन पळले: साडेआठ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात, पहिला दमदार पाऊस होऊन गेल्यावर, मी पळायला सुरुवात केली. वय ४४, नोकरी टेबलावरची, घर प्रताप नगरात. डिसेंबरात शहरातली हाफ मॅरेथॉन पूर्ण केली आणि आज, मार्चच्या मध्यात, शूजचा हिशोब ७०० किलोमीटरच्या पुढे गेलाय. स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी लिहायला बसले असते तर नुसता आनंद उतरला असता. आता काय कामी आलं आणि कशावरचे पैसे वाया गेले ते नीट दिसतंय. चाळिशीतल्या, शाळा सुटल्यापासून कधीच न पळलेल्या बायका डोळ्यांपुढे ठेवून लिहितेय. इतरांनाही उपयोग झाला तर आनंदच.

हाफ म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, म्हणजे ४२.१९५ च्या बरोबर अर्धं. पहिल्या आठवड्यात मला चारशे मीटरही धड पळता येत नव्हतं. शेजारचे काका रेल्वेतून निवृत्त झालेत, रोज पहाटे पळतात. ते म्हणाले, चल माझ्यासोबत फुटाळ्याला. पाऊस नुकताच उघडला होता, तलावाकाठचा रस्ता ओला, कणसंवाल्यांच्या गाड्या ताडपत्रीखाली झाकलेल्या. मी जोरात सुटले आणि दोन मिनिटांत कमरेवर हात ठेवून उभी राहिले. काका मागून आले, चालण्याहून जेमतेम जास्त वेगानं, आणि म्हणाले, "पोरी, काल रात्री काय रांधलं होतं ते सांगत सांगत पळ. बोलता येऊन राहिलं तं बरोबर. दम लागून राहिला तं अजून हळू."

मी डाळभाजी सांगायला घेतली. पालक किती, चणाडाळ किती, शेंगदाणे कधी भिजवले, वरून लसणाची फोडणी कशी दिली. फोडणीपर्यंत पोचले तेव्हा दीड किलोमीटर झालं होतं आणि मी थांबले नव्हते. किलोमीटरला नऊ मिनिटं चाळीस सेकंद. लोक चालत चालत मला मागे टाकून गेले असते तरी त्या दिवशी मला वाईट वाटलं नसतं.

साडेआठ महिन्यांत मला जे काही मिळालं ते या एका गोष्टीतून मिळालं. पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या वेगात पळलं की शरीर प्राणवायूच्या जोरावर काम करतं, चरबी जाळतं, हृदय हळूहळू एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. दम महिन्याभरात वाढायला लागतो, पण घोट्याजवळचे आणि पोटरीचे स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोर), हाडं यांना जुळवून घ्यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. दम पुरतोय म्हणून वेग वाढवणाऱ्या आमच्याच गल्लीतल्या दोन तरुण मुलांची नडगी ऑगस्टमध्येच दुखायला लागली आणि त्यांनी सोडून दिलं. मुलं माझ्यापेक्षा कितीतरी तंदुरुस्त होती.

काकांचा आराखडा साधा होता. आठवड्यातून चार दिवस. तीन दिवस अर्धा ते पाऊण तास, रविवारी लांब. सुरुवातीला तीन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. नंतर पाच आणि एक. रविवारचं अंतर चारवरून वाढवत वाढवत १८ पर्यंत नेलं आणि दर चौथ्या रविवारी मुद्दाम कमी केलं. स्पर्धेआधी मी एकदाही २१ पळले नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

नागपुरात राहणाऱ्यानं घड्याळातल्या वेगापेक्षा हवेकडे जास्त बघावं. ऑगस्टच्या दमट पहाटे मी किलोमीटरला नऊ मिनिटं पाच सेकंद लावत होते आणि नाडी १४५. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच १४५ वर सात मिनिटं पंचेचाळीस सेकंद. यातला काही भाग सरावाचा, काही रक्त सुधारल्याचा (ते पुढे सांगते), पण बराचसा हवेचा. उकाड्यात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, स्नायूंना पुरवायला हृदयाला जास्त धडधडावं लागतं, आणि हवेत ओल असली की घाम नुसता गळतो, वाळत नाही. हे मला जुलैमध्ये कोणी सांगितलं असतं तर दोन रविवार मी रडत घरी आले नसते. ऑक्टोबरच्या उन्हातही तेच. सहाच्या आत बाहेर पडायचं, साडेसातच्या आत परत.

रस्त्यांचं म्हणाल तर पळायला नागपूरसारखं शहर नाही, असं मी मनापासून म्हणते. सिव्हिल लाइन्समधल्या वॉकर्स स्ट्रीटची सावली, जपानी गार्डनपासून सेमिनरी हिल्सकडे जाणारा चढ, अंबाझरीची सकाळ. डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं की सिव्हिल लाइन्समध्ये बंदोबस्त लागतो, तेवढे दिवस दुसरा रस्ता धरावा लागतो. पहाटे एकट्या बाईनं पळणं मला जमलं नाही, म्हणून आम्ही तिघी जमलो. कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही, थांबायचं आणि शांत चालत निघायचं. हे आम्ही रवी नगरजवळ शिकलो.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ऑगस्टच्या शेवटी मला बोलण्याच्या वेगातही धाप लागायला लागली. सेमिनरी हिल्सच्या चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली. मला वाटलं, वय झालं, आपलं हे काम नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया. मी इतकी वर्षं थकवा हा घरकामाचा भाग समजत होते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या आणि चहापासून तासभर लांब ठेवायच्या, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. चहाची वेळ बदलणं मला पळण्यापेक्षा अवघड गेलं. नोव्हेंबरात १२.२ झालं आणि तोच चढ मी बोलत बोलत चढले. कोणत्याही शूजनं, कोणत्याही घड्याळानं एवढा फरक पडला नाही. शूज घ्यायला जाण्याआधी सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन कळणारी साधी रक्ततपासणी, करा, चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांना विचारून ईसीजीही काढून घ्या.

सामानाचं थोडक्यात सांगते. शूज साधे, रोजच्या पळण्याचे, सेलमध्ये ४,२०० ला घेतले. ५०० किलोमीटरपर्यंत उत्तम. त्यानंतर टाचेची बाहेरची कड झिजली आणि आतला फोम बसला, हे गुडघ्यांना आधी कळलं. पावसात भिजले की वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे, उन्हात नाही. माझी चूक मापाची झाली. लांब पळताना पाय सुजतात हे माहीत नव्हतं, आणि उजव्या अंगठ्याचं नख काळं पडून गळलं. स्पोर्ट्स ब्रा शूजइतकीच महत्त्वाची आहे आणि दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते: घालून जागेवर उड्या मारून बघा, मग पैसे द्या. घासलं जातं तिथे व्हॅसलीन. एनर्जी जेल दोन सरावांत खाऊन बघितलं, मळमळलं, सोडलं. बी काढलेले खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की मला पचली. जीपीएसचं घड्याळ उपयोगी आहे, पण वर्धा रोडवर डबलडेकर पुलाखालून गेलं की ते भलतंच अंतर दाखवतं.

स्पर्धेचा वीकेंड शनिवारी सुरू होतो, आणि रविवार बराचसा शनिवारवर ठरतो. बिब, म्हणजे कपड्यावर पुढे लावायचा नंबरचा कागद, घ्यायला मी दुपारी गेले, रांगेत दीड तास उभी राहिले आणि संध्याकाळी पोटऱ्या जड. सकाळी दार उघडताच जा. बिबच्या पाठीमागे पातळ पट्टी असते, तीच टायमिंगची चिप. ती दुमडायची नाही आणि बिब कपड्याखाली झाकायचं नाही, नाहीतर रस्त्यावर अंथरलेल्या चिप वाचणाऱ्या मॅटवर नोंद होत नाही. टी-शर्ट पुरुषांच्या मापाचे होते. एवढ्या बायका नाव नोंदवतात आणि त्यांच्या मापाचा एक शर्ट शिवला जात नाही, याचा मला खरंच राग आला. रात्री घरचे सावजीचा बेत करत होते. मी वरणभात, तूप, दही खाऊन नऊला पडले. झोप आली नाही. काका म्हणाले होते, शुक्रवारची झोप कामी येते, शनिवारची नाही आली तरी चालते. तसंच झालं.

रविवारी पहाटे पाचला मैदानावर थंडी ११ अंश. बायकांसाठी फिरती स्वच्छतागृहं चारच, रांग पाऊण तासाची. रांगेतून बाहेर येऊन धावतच सुरुवातीच्या कमानीपाशी पोचले. आयोजकांना मी नंतर पत्र पाठवलं, सगळ्यांनी पाठवावं.

सहाला अंधारातच सुटलो. गर्दीच्या ओघात पहिले दोन किलोमीटर प्रत्येकी सहा मिनिटं चाळीस सेकंदांत गेले आणि माझं मलाच बोलता येईना. तेव्हा मी सरळ चालायला लागले. लोक बाजूनं जात होते, ढोल वाजत होते, आणि मी एक मिनिट चालले. तिथे चालले नसते तर पुढचं जमलंच नसतं. सेमिनरी हिल्सच्या चढावर उजाडलं, झाडांत धुकं होतं, आणि तिथून माझी लय लागली.

चौदाव्या किलोमीटरला पाण्याचा टेबल होता पण पाणी संपलेलं. रिकामे कॅन आणि चुरगळलेले ग्लास. मागून येणाऱ्या हळू पळणाऱ्यांनाच पाणी मिळत नाही. ज्यांना ते सर्वात जास्त वेळ लागतं, तेच कोरडे राहतात. पुढे शंभर पावलांवर तर्री-पोह्याचा ठेला लागला होता. ठेलेवाल्या भाऊंनी हातातली मोठी पळी तर्रीच्या गंजात सोडली, ड्रमातून स्टीलचा ग्लास बुडवून काढला, शर्टाला बाहेरून पुसला आणि पुढे केला. "घ्या ना ताई, साधंच पानी हाय. घोट घोट घ्या." माझ्यामागे आठदहा जण थांबले. त्यांनी एकेकाला दिलं, पोह्याची गिऱ्हाइकं तशीच उभी ठेवून. ग्लासाला कांद्याचा वास येत होता. त्या पाण्याची चव मी विसरणार नाही. त्यानंतर कुठेही पळायला गेले तरी अर्ध्या लिटरची बाटली माझ्यासोबत असते.

सतराव्याला एका सोसायटीतल्या आजीबाईंनी सोललेल्या संत्र्याच्या फोडी ताटात धरल्या होत्या. आंबिया बहाराची संत्री तेव्हा भरात असतात. दोन फोडी तोंडात टाकल्या आणि डोकं जागेवर आलं. अठराच्या पुढे माझ्यासाठी सगळं नवीन होतं. मांड्या दगड झाल्या होत्या. एकोणिसाव्याला पन्नाशीच्या एक ताई शेजारी आल्या, यवतमाळहून आलेल्या, त्यांचीही पहिलीच. मी त्यांना विचारलं, काल रात्री काय रांधलं होतं? त्या आधी बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, काल बहिणीकडे होते, तिनं पाटवडी केली होती, मी खाल्ली नाही, आज जाऊन खाईन. आम्ही पाटवडीच्या रश्श्यावर बोलत कमानीखालून गेलो.

चिपची वेळ २ तास ४१ मिनिटं १८ सेकंद. स्पर्धा सुरू करणाऱ्या बंदुकीपासून मोजलेली वेळ साडेचार मिनिटांनी जास्त, कारण मी मागून सुटले होते. घड्याळानं २१.४३ किलोमीटर दाखवलं तेव्हा बरेच जण अंतर चुकलं म्हणून भांडत होते. मार्ग वळणाच्या आतल्या कडेनं, सगळ्यात जवळच्या रेषेत मोजतात. आपण गर्दीतून वळसे घेत पळतो, त्यात जीपीएसची भर.

सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना कठड्याला धरून उतरले. आठवडाभर फक्त चालले. खरा बदल त्यानंतर दिसला. सकाळी उठल्यावरची नाडी जूनमध्ये ७८ होती, आता ६४ आहे. वजन साडेआठ महिन्यांत फक्त तीन किलो उतरलं. त्यासाठीच पळणार असाल तर आधीच सांगून ठेवते. गाढ झोप लागते. संध्याकाळी घरी आल्यावर पलंगावर पडून राहायची जी सवय होती ती गेली, आणि मुलीनं फेब्रुवारीपासून रविवारी सोबत यायला सुरुवात केली. तिलाही मी स्वयंपाकाचंच विचारते. ती मैत्रिणींचं सांगते, जे घरी कधी सांगत नाही.

आता ऊन तापायला लागलंय. एप्रिल-मेमध्ये पावणेपाचला निघायचं, पाच किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की तो संपेपर्यंत नुसतं चालायचं, असं काकांनी ठरवून दिलंय. जुने शूज बाजारहाटाला ठेवले. नवी जोडी तीच घेतली, एक नंबर मोठी.