पराटीतले कामगंध सापळे: काम भारी, पिशवी बेकार

दोन एकर पराटीत, म्हणजे कपाशीत, यंदा गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे लावले, हेक्टरी 5 म्हणतात म्हणून चारच घेतले. पिकाच्या फूटभर वर टांगले न रोज सकाळी पिशवीतले पतंग मोजाचे, पोरगी वहीत लिहिते. सापळ्यात 8-8 पतंग सलग 3 रात्री दिसले तवाच फवारा काढला, नाहीतर शेजाऱ्याचा पंप वाजला की आपलाही सुरू! एक फवारणी वाचली भाऊ. पण दुकानदारानं ल्यूर, म्हणजे सापळ्यातली मादीच्या वासाची गोळी, तारीख गेलेले देल्ले, दोन दिवस एकबी पतंग नाही तं मी खुश, बदलून आणल्यावर समजलं. पिशवी लय पातळ, वाऱ्यानं फाटली, सुतळीनं आवळून बांधली. आन फक्त नर पतंग फसते, यानं अळी मरत नाही.