लेहरा कोण धरणार? रॉक बँडला गिटारिस्ट एक हवा की दोन

तबल्याच्या सोलोला पेटीवाला लेहरा धरून बसतो. तीच एक ओळ, आवर्तनामागून आवर्तन. त्याच्याकडे कोणी बघत नाही, पण तो थांबला तर तबलजीने समेवर येताना काय कमाल केली हे निम्म्या सभागृहाला कळणार नाही. रॉक बँडला गिटारिस्ट किती लागतात असं कोणी विचारलं की मला आधी हा पेटीवाला आठवतो. तुमचा गिटारिस्ट रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारी गिटारची ओळ, सोडून सोलोला लागला की मागे लेहरा कोण धरतं? कोणीतरी धरत असेल तर एक गिटार पुरते.

मी बास वाजवतो, त्यामुळे माझं मत निःपक्षपाती नाही. दुसरा गिटारिस्ट आला की पहिली संक्रांत बासवर येते. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: गायक, गिटार, बास, ड्रम असे चौघं जमलेले असतात, पाच-सहा गाणी बसलेली असतात, आणि कोणाचा तरी रूममेट म्हणतो, "मीपण वाजवतो." आपल्याकडे ड्रमर शोधायला शहर पालथं घालावं लागतं आणि गिटारवाले प्रत्येक होस्टेलच्या मजल्यावर चार असतात. म्हणजे दुसरा गिटारिस्ट गरजेपोटी कमी आणि भिडेपोटी जास्त घेतला जातो. नंतर त्याला काढणं हे त्याला घेण्यापेक्षा दहापट अवघड.

एकटी गिटार

बर्मिंगहॅमचा ब्लॅक सॅबथ १९६८ मध्ये सुरू झाला तेव्हा सहा जणांचा होता. गिटारिस्ट टोनी आयोमीच्या जोडीला एक स्लाइड गिटारवाला आणि एक सॅक्सोफोनवाला होता. त्या दोघांना वगळून उरलेल्या चौघांनी जे केलं त्याला आज आपण हेवी मेटल म्हणतो. रेकॉर्डवर आयोमीने गिटारचे थर चढवले आहेत, पण स्टेजवर सोलोच्या वेळी त्याच्या मागे गीझर बटलरचा बास एकटाच. बटलर तिथे नुसता मूळ स्वर ठोकत नाही, तो रिफ स्वतःच्या अंगावर घेतो, तारा ओढतो, भरतो. लेड झेपलिनमध्ये हेच काम बासवाल्या जॉन पॉल जोन्सकडे होतं.

'द हू'चं गणित उलटं आहे. गिटारिस्ट पीट टाउनशेंड कॉर्ड सोडून फार लांब जातच नाही आणि सोलोसारखं जे काही धावतं ते जॉन एंटविसलच्या बासवर. १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठात रेकॉर्ड झालेला त्यांचा कार्यक्रम एकदा हेडफोन लावून ऐका. एक गिटार, एक बास, एक ड्रमसेट, आणि कुठेही भोक पडलेलं नाही.

डीप पर्पलमध्ये दुसऱ्या गिटारची जागा जॉन लॉर्डने भरली. त्याने हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटार अँपमधून, म्हणजे अँप्लिफायरमधून, काढला, त्यामुळे तो ऑर्गन गुरगुरतो. यू-टूचा गिटारिस्ट एज याने डिले पेडलच्या प्रतिध्वनीतच दुसरा वादक उभा केला. म्हणजे एका गिटारवर चाललेल्या बँडांकडे नीट पाहिलं तर प्रत्येकाने लेहऱ्याची काही ना काही सोय केलेली आहे. नुसती हिंमत म्हणून कोणी एकटा उभा राहिलेला नाही.

मुंबईतलं उदाहरण घ्या. रॉक मशीनमध्ये, म्हणजे पुढच्या इंडस क्रीडमध्ये, महेश तिनईकर आणि जयेश गांधी असे दोन गिटारिस्ट होते. २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला तेव्हा लीड गिटार एकट्या तिनईकरांकडे होती, कारण कीबोर्डवर झुबिन बालापोरिया होताच. पेंटाग्राम तर रँडॉल्फ कोरियाच्या एका गिटारवरच वाजत आला.

इथे एक सापळा आहे. स्टुडिओतली रेकॉर्ड ऐकून निर्णय घेऊ नका. लेड झेपलिनचा जिमी पेज रेकॉर्डवर एकटा नसतो, त्याने स्वतःच्याच चार-चार गिटार एकावर एक चढवलेल्या असतात. तेच 'स्टेअरवे टू हेवन' स्टेजवर वाजवायला त्याला सहा आणि बारा तारांची दोन मानांची गिब्सन गिटार गळ्यात अडकवावी लागली. तुम्ही ते गाणं रेकॉर्डवरून बसवलंत तर तुमचा बँड पोकळच वाटणार, आणि दोष गिटारिस्टच्या माथी येणार. त्याच बँडचं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकून बसवा.

एका गिटारचे फायदे रोजच्या व्यवहारातले आहेत. आवाज मोकळा राहतो, गायकाला घसा फाडावा लागत नाही. कॉलेज फेस्टमध्ये साउंडचेकच्या नावाखाली मिळणाऱ्या दहा मिनिटांत एकाच अँपशी झगडायचं असतं. गाणं लांबवायचं असेल तर एक नजर पुरते. तोटाही तसाच सरळ आहे: तार तुटली की कार्यक्रम थांबला. एकट्या गिटारिस्टने दुसरी गिटार सुरात लावून स्टँडवर ठेवलीच पाहिजे, उसनी का असेना.

दोन गिटार

दोन गिटारिस्ट म्हटल्यावर डोळ्यांसमोर सोलो वाजवणारा एक लीड आणि मागे कॉर्ड धरणारा एक रिदम येतो, आणि रिदमवाला म्हणजे ज्याला लीड जमत नाही तो, असा आपल्याकडे पक्का समज आहे. एसी/डीसीच्या माल्कम यंगने हा समज खोटा ठरवला. त्याची ग्रेच गिटार, जाड तारा आणि अगदी बेताचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली खरखर. धाकटा भाऊ अँगस शाळेच्या गणवेशात स्टेजभर उड्या मारू शकायचा कारण माल्कम मागे खांबासारखा उभा असायचा. २०१४ मध्ये आजारपणामुळे माल्कम बाजूला झाला तेव्हा त्याची जागा रिकामी ठेवली नाही, पुतण्या स्टीवी तिथे आला. जागतिक कीर्तीचा लीड गिटारिस्ट हाताशी असूनही त्यांना रिदमवाल्याशिवाय भागलं नाही.

रोलिंग स्टोन्सची तऱ्हा वेगळी. तिथे लीड कुठे संपतं आणि रिदम कुठे सुरू होतं ते सांगताच येत नाही, दोघं एकमेकांच्या मोकळ्या जागांतून सुई-दोऱ्यासारखे ये-जा करतात. कीथ रिचर्ड्सने ओपन जी ट्यूनिंगसाठी, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तरी जी कॉर्ड वाजावा म्हणून, सर्वांत जाड सहावी तारच काढून टाकली आणि पाच तारांवर वाजवायला लागला. बासवाला म्हणून मी या एका गोष्टीसाठी त्याचा ऋणी आहे.

का, ते सांगतो. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झच्या आसपास, बासची ४१. डिस्टॉर्शन लावलेल्या दोन गिटार एकाच जागी, एकाच पट्टीत तोच पॉवर कॉर्ड वाजवू लागल्या की गाणं दुप्पट भारदस्त होत नाही, गढूळ होतं. बास त्या गाळात रुततो आणि गायकाचे शब्द जातात. मग गायक म्हणतो मॉनिटर, म्हणजे माझ्याकडे तोंड असलेला स्पीकर, वाढवा, ड्रमर म्हणतो बास ऐकू येत नाही, आणि दोन्ही गिटारवाले हळूच आपापल्या अँपच्या बटणाकडे वळतात. हा गोंधळ मी बऱ्याच जॅम रूममध्ये पाहिला आहे.

यावर मेटलवाले म्हणतील, आमच्यात तर दोघं तेच वाजवतात. बरोबर आहे, पण मेटॅलिकाकडे पाहा. स्टुडिओत डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे रिदम बहुतेक वेळा जेम्स हेटफील्ड स्वतःच वाजवत आला, कारण दोन हातांत केसभर फरक नको होता. कर्क हॅमेट सोलोला. शिवाय रेकॉर्डवर एक गिटार डाव्या कानात, एक उजव्या कानात जाते म्हणून ती भिंत उभी राहते. पबमधल्या किंवा कॉलेजच्या साउंड सिस्टीमवर बरेचदा सगळं मोनोमध्ये जातं. तिथे डावं-उजवं काही उरत नाही, उरतो तो गाळ. एकसारखंच वाजवायचं असेल तर दोघांचे उजवे हात अक्षरशः एका माणसाचे वाटेपर्यंत घासा.

पण एक काम मात्र दोन माणसांशिवाय नीट होत नाही, आणि तिथे माझा बासवाल्याचा कडवटपणाही गळून पडतो. डिस्टॉर्शनच्या एकाच अँपमधून दोन स्वर एकदम काढले की त्यांच्या घर्षणातून भलतेच जास्तीचे स्वर उमटतात. षड्ज-पंचम चालून जातं, म्हणून तर पॉवर कॉर्डमध्ये तेवढेच असतात, पण षड्ज-गंधार चिरकतं. तेच दोन स्वर दोन वेगळ्या अँपमधून आले की स्वच्छ राहतात आणि एकमेकांना गोडवा आणतात. विशबोन अॅश, थिन लिझी, आयर्न मेडन यांच्या जोडगिटारींचं गुपित इतकं साधं आहे. हार्मोनायझर पेडल हे करून देतं म्हणतात. देतंही. पण दोन माणसांच्या मींडेत जो किंचित पुढेमागेपणा असतो तो त्यात नाही, आणि कानाला धरून ठेवतो तोच.

तेव्हा रूममेटला घेण्याआधी त्याला एकच विचारा: तू वेगळं काय वाजवणार? "हा खाली वाजवतोय, मी तारांवर कॅपोचा चिमटा लावून वर घेतो," किंवा "मी डिस्टॉर्शनचा गेन अर्ध्यावर आणून नुसते ऑफबीट देतो," असं उत्तर आलं तर माणूस कामाचा आहे. "मला सगळी गाणी येतात," हे उत्तर नव्हे.

आणि रिकामी जागा गिटारच्याच आकाराची असते असंही नाही. ऑलमन ब्रदर्समध्ये ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स ही रॉकमधली सर्वांत सुंदर जोडी होती. ऑक्टोबर १९७१ मध्ये मोटरसायकल अपघातात ड्वेन गेला. बँडने त्याच्या जागी दुसरा गिटारिस्ट उभा केला नाही. पुढच्या वर्षी चक लेव्हेल पियानोवर आला. तुमच्या ओळखीत कोणी बरी पेटी वाजवणारी मुलगी असेल तर तिच्या हाती कीबोर्ड देऊन बघा. साथ म्हणजे काय हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. गायक श्वास घेतो तेव्हा भरायचं आणि गातो तेव्हा मागे राहायचं, ही शिकवण गिटारच्या क्लासात मिळत नाही.

तीन

थोडक्यात: नको. तीन गिटारच्या प्रसिद्ध बँडांमध्ये तिसरा बरेचदा परिस्थितीने आलेला असतो. लिनर्ड स्किनर्डमध्ये एड किंग बासवाला म्हणून आला. मूळचा बासवाला लिऑन विल्किसन परतला तेव्हा किंग गिटारवर सरकला आणि तीन झाले. आयर्न मेडनमध्ये १९९९ ला एड्रियन स्मिथ परत आला, पण त्याच्या जागी घेतलेल्या यानिक गेर्सला कोणी जा म्हटलं नाही. १ फेब्रुवारी २००८ ला ते मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजले तेही तिघांसह. त्यांच्याकडे स्टीव्ह हॅरिसचा बास आहे, जो तीन काय, सहा गिटारींतून वाट काढेल. रेडिओहेडचा तिसरा हिशोबात धरू नका. तिथे एक जण बराच वेळ निव्वळ पेडलांतून वातावरण विणत असतो आणि दुसरा मध्येच गिटार ठेवून कीबोर्डवर जातो. बाकीच्यांचं एक ना धड, भाराभर चिंध्या.

दीड

हा पर्याय सगळे विसरतात, आणि माझ्या मते नव्या बँडने आधी हाच तपासावा. सोलो चालू असताना गायक काय करतो? पाणी पितो, केस मागे घेतो, माइकचा स्टँड हलवतो. थोडक्यात, लेहऱ्याची गरज नेमकी जेव्हा असते तेव्हा एक माणूस रिकामा उभा असतो. त्याच्या गळ्यात गिटार अडकवा. चार कॉर्ड आले तरी पुरे, आणि गाताना त्याने वाजवलं नाही तरी हरकत नाही. यू-टूचा गायक बोनो अधूनमधून हेच करतो. उलट बाजूने, निर्वाणामध्ये कर्ट कोबेन एकटाच गायचा आणि वाजवायचा. सोलोच्या वेळी मागे बास आणि ड्रम. १९९३ मध्ये त्यांनी पॅट स्मिअरला दौऱ्यासाठी सोबत घेतलं तेव्हा गाणी तीच राहिली, फक्त कोबेनच्या हातावरचा ताण उतरला.

बॅकिंग ट्रॅक, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेली साथ, किंवा लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा फिरवत ठेवणारं पेडल, हाही दीडचाच प्रकार. पण ट्रॅक लावला की ड्रमरला कानात लयीची टकटक (क्लिक) घेऊन वाजवावं लागतं आणि सोलो रंगला तरी चार आवर्तनं वाढवता येत नाहीत. ज्यांना गाणी ठरल्याप्रमाणेच वाजवायची आहेत त्यांनी खुशाल वापरावा.

आता परीक्षा. जॅम रूममध्ये फोन अँपजवळ नको, दाराजवळ ठेवा. सोलो असलेलं एक गाणं घ्या आणि सोलोच्या जागी गिटारिस्टला पूर्ण गप्प बसवा, सोळा बार, म्हणजे बहुधा चार-चार ठोक्यांची सोळा आवर्तनं, फक्त बास आणि ड्रम. मग तेच गाणं येऊ घातलेल्या दुसऱ्या गिटारिस्टला घेऊन. दोन्ही दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच रात्री नको. रात्री सगळंच छान वाटतं.

आमच्याकडे ही परीक्षा माझ्याच आग्रहाने झाली. एक गिटार पुरे, मागचं मी बघतो, असं मी चार वेळा बजावलं होतं. गिटार गप्प झाली, मी आणि ड्रमर निघालो. सहाव्या-सातव्या बारला ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या आणि मनापासून विचारलं, "गाणं संपलं का?" पुढच्या शनिवारी रूममेट गिटार घेऊन आला. त्याने कॅपो सोबत आणला होता.