होम ओपनर बघायचा तर टोरांटोत की मॉन्ट्रियलमध्ये?

ऑक्टोबरात मुलांकडे कॅनडाला आलेलं कुणी ना कुणी विचारतंच: आईस हॉकीचा एकच सामना बघायचाय, खिसाही एकदाच मोकळा होणार, तर कुठला बघू? माझं उत्तर ठरलेलं. होम ओपनर, म्हणजे मोसमातला घरच्या रिंकवरचा पहिला सामना. खेळ नाही कळला तरी सोहळा कळतो. राहता राहिला प्रश्न शहराचा.

मी टोरांटोकर, इथल्या मेपल लीफ्स, म्हणजे लीफ्स, या संघाचा भक्त. आमच्या लीफ्सनी शेवटचा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल या हॉकी लीगचं विजेतेपद, १९६७ साली जिंकला, यावरून भक्ती ओळखा. इथे मान बॅगपाइपवाल्यांचा. संघाचं जुनं घर मेपल लीफ गार्डन्स १९३१ मध्ये उघडलं तेव्हापासून ४८ वी हायलँडर्स ही लष्करी पलटण ओपनरला वाजवत आलीय. आधी पाइपचा घोगरा सूर फुगत जातो, मग ड्रम पडतो, आणि ढोल-ताशाच्या पहिल्या टोल्याला छातीत होतं तेच होतं. २०१६ च्या ओपनरला तर १७ जुन्या खेळाडूंचे क्रमांक एका रात्रीत निवृत्त झाले, म्हणजे ते पुन्हा कुणाला मिळणार नाहीत.

पण पाइप थांबले की लीफ्सचं आताचं घर, स्कोशियाबँक अरीना, थंडावतं. खालच्या महागड्या खुर्च्या बऱ्याचशा कंपन्यांच्या. मध्यंतर संपून पक (खेळातली रबरी चकती) पडतो तरी त्या रिकाम्या, मंडळी अजून लाउंजमध्ये. पासवर नाटकाला आलेले पाहुणे तिसरी घंटा झाली तरी बटाटेवड्यापाशीच रेंगाळतात, तसलाच प्रकार. आणि तिकीट लीगमधल्या सर्वांत महागांपैकी!

मॉन्ट्रियलचं बेल सेंटर २१,००० च्या वर माणसं घेतं, आणि ती जागेवर असतात. तिथल्या कॅनेडियन्स संघाचे २४ कप, पण शेवटचा १९९३ चा. म्हणजे तेही उपाशीच, आमच्याइतके नाहीत एवढंच. तिथे एकेका खेळाडूला फ्रेंच आणि इंग्रजीत पुकारून अंधारातून उजेडात आणतात. स्केटला धार लावणाऱ्यांनाही टाळ्या पडतात, हे मला फार आवडतं. काही वर्षी माजी कर्णधाराच्या हातून पेटती मशाल येते आणि एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जाते. ही प्रथा १९९६ ची, फोरम हे जुनं रिंक सोडून संघ नव्या घरात आला तेव्हाची. त्या निरोपाच्या रात्री संघाचा जुना महान खेळाडू मॉरिस रिशार याच्यासाठी टाळ्या थांबता थांबेनात.

अडचण एकच: टोरांटोहून साडेपाचशे किलोमीटर, आगगाडीने पाच तासांच्या वर, शिवाय रात्रीचं हॉटेल. सोबत लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आईबाबा असतील तर टोरांटोच बरं. युनियन स्टेशनातून थेट आत शिरता येतं.

बाकी कुणी असाल तर मॉन्ट्रियल. लीफ्सवाला असून सांगतोय. तिकीट वरच्या मजल्याचं घ्या, मशालीचा प्रवास तिथूनच पुरा दिसतो. अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. आणि माझ्यासारखी लीफ्सची निळी जर्सी असेल तर ती बॅगेतच राहू द्या.