इब्न बतूता मॉल, दुबई : हजच्या वाटेवर मधलाच टप्पा गाळलेला

चौदाव्या शतकातील मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच्या नावाने दुबईत २००५ साली सुरू झालेला इब्न बतूता मॉल त्याच्या प्रवासातील अंदलुसिया (मुस्लिम अमलाखालील स्पेन), ट्युनिशिया, इजिप्त, पर्शिया, भारत आणि चीन अशा सहा दालनांत विभागलेला असून, त्याच नावाचे मेट्रो स्थानक असल्याने तेथे पोहोचणे सोपे आहे. दुकाने कोणत्याही मोठ्या मॉलमध्ये असतात तशीच आहेत. पाहण्याजोगी आहे ती सजावट. पर्शियाच्या दालनातील रंगीत नक्षीचा घुमट तर इतका सुरेख आहे की त्याखाली कॉफी पिणाऱ्यांच्या माना आपोआप वर वळतात. भारताच्या दालनात अल-जझारी या यंत्रकाराने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथातील हत्ती-घड्याळाची भव्य प्रतिकृती आहे. भोवतालची धाटणी मात्र मुघल आहे, आणि इब्न बतूता दिल्लीत मुहम्मद तुघलकाचा काझी होता तेव्हा बाबराच्या आगमनाला जवळपास दोन शतके अवकाश होता! त्याच्या वृत्तांतात दौलताबाद आणि नंदुरबारही येतात, तेथील मराठ्यांविषयी तो लिहितो. हे दालन उत्तरेतच रेंगाळते.

खरी उणीव इजिप्त आणि पर्शिया यांच्या मध्ये आहे. १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हा तरुण टँजियरहून निघाला तो हजसाठी. ट्युनिसमध्ये लोकांनी इतरांची विचारपूस केली, आपली मात्र कोणीच केली नाही, म्हणून त्याला रडू कोसळले. पण त्याच शहरातून निघालेल्या हजच्या काफिल्याचा तो काझी झाला. कैरोहून नाईलच्या काठाने तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरापर्यंत जाऊनही तेथील लढाईमुळे पलीकडे जाता येईना, तेव्हा मागे फिरून त्याने दमास्कस गाठले आणि रमजाननंतर सीरियाच्या काफिल्याबरोबर मदिनेमार्गे १३२६ मध्ये तो मक्केत पोहोचला. मॉलमध्ये हा सारा भाग एका दारात ओलांडला जातो. कपड्यांच्या दुकानांशेजारी मक्केची प्रतिकृती कोणालाच रुचली नसती, हे उघड आहे. परंतु जेथे यात्रेकरूंचे काफिले जमत, त्या दमास्कसला एक दालन देण्यास काय हरकत होती?

जाणाऱ्यांनी ट्युनिशियापासून सुरुवात करून चीनपर्यंत जावे आणि अंदलुसिया शेवटी पाहावे, कारण अंदलुसियातील ग्रॅनडाला तो गेला तो १३४९ मध्ये मायदेशी परतल्यानंतरच. मॉल लांबलचक असल्याने ही उलटी फेरी पायांना चांगलीच जाणवते.