मखमलाबादचा फ्लॅट, दीड वर्ष राहून: बिबळ्याचं झाड राखलं, पण त्याची जमीन मागून घ्यावी लागली

2022 च्या गुढीपाडव्याला नाशिकच्या मखमलाबाद शिवारात टू बीएचके बुक केला. 2024 च्या दसऱ्याला चावी मिळाली आणि ती दिवाळी आम्ही नव्या घरात केली. आता दीड वर्ष होत आलं. दुकानात येणारं गिऱ्हाईक विचारतं, फ्लॅट कसा निघाला? आमच्या शेजारच्या मळ्यातही आता स्कीम उभी राहते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बिल्डरचं नाव घालत नाही. तक्रार होती, ती बरीचशी मिटली. काय बघून घर घ्यायचं एवढं कळलं तर वाचणाऱ्याचं काम होईल.

आधी घर. तिसरा मजला, पूर्वेला बाल्कनी, भरपूर उजेड. मी सुतार माणूस, पहिल्या दिवशी गुण्या घेऊनच फिरलो. हॉलचा एक कोपरा तीन सुतांनी बाहेर आहे, बाकी कोपरे काटकोनात. मुख्य दाराची चौकट चांगली आहे, पण बाथरूमचे दरवाजे हलके दिलेत, पहिल्याच पावसाळ्यात खालून फुगले. मी बदलून घेतले, तुम्हालाही बदलावे लागतील, तेवढे पैसे बाजूला ठेवा. किचनचा ओटा आणि ड्राय बाल्कनी प्रशस्त. पाण्याची ओरड नाही. लिफ्ट दीड वर्षात दोनदा बंद पडली. एवढ्यावर पाचपैकी साडेतीन देईन.

पण हे घर मी घेतलं ते समोरच्या झाडासाठी. साइट बघायला गेलो तेव्हा द्राक्षबाग काढून मंडपाच्या तारा गुंडाळून ठेवल्या होत्या. मोकळ्या काळ्या जमिनीत बांधाच्या कडेला एकटा बिबळा उभा होता.

आमच्याकडे तीन पिढ्या लाकडाचं काम चालतं. बिबळ्याचं लाकूड मी शाळेत होतो तेव्हापासून ओळखतो. रंधा मारला की सोनेरी तपकिरी निघतं, आत गडद रेघा. ओला भुसा हाताला लागला की हात पिवळे होतात, दोन दिवस जात नाहीत. वडिलांच्या वेळी पेठ-सुरगाण्याकडून माल यायचा, त्याच्या चौकटी व्हायच्या, गाडीची चाकं व्हायची. पेलेही करायचो. त्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी उन्हात धरलं की पाण्याला निळसर झाक दिसते. मधुमेहाला चांगलं म्हणून लोक अजून ते पेले मागायला येतात, आणि आता आम्हाला नाही म्हणावं लागतं, कारण मालच मिळत नाही. लाकडासाठी तोड झाली, औषधासाठी साल काढली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत बिबळा ‘संकटसमीप’ म्हणून आहे. शिसम तर त्याच्याही पुढे ‘असुरक्षित’ गटात. राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यातही साग, खैर, चंदन यांच्या जोडीला बिबळ्याचं नाव आहे, तिथे त्याला बीजा म्हटलंय. आयुष्यभर ज्याच्या फळ्या कापल्या, ते झाड जिवंत, फुललेलं, रोज नजरेसमोर असावं असं मला मनापासून वाटलं.

झाड वाचलं ते जमिनीच्या मालकामुळे. आप्पा म्हणतात त्यांना सगळे, वय ऐंशीच्या पुढे. बिल्डरशी केलेल्या विकसन करारात त्यांनी एक कलम घालून घेतलं होतं, की बांधावरचा बिबळा तोडायचा नाही. पहिल्या नकाशात झाड नेमकं सी विंगच्या जिन्यात येत होतं. बिल्डरने आधी पुनर्रोपणाचा पर्याय पुढे केला. वड-पिंपळ उचलून दुसरीकडे लावले तर धरतात, फांदी रोवली तरी जगतात. बिबळ्याचं तसं नाही. त्याचं सोटमूळ खोल गेलेलं असतं, आणि एवढं जुनं झाड मुळं छाटून उचललं तर जगण्याची आशा फार थोडी. आप्पा अडून बसले. मग आर्किटेक्ट बाईंनी जे केलं त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण. साधारण एक एकराच्या, म्हणजे 4,000 चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटला नियमाने दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. सगळीकडे ती जागा मागच्या कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरशेजारी टाकतात. बाईंनी ती उचलून झाडाभोवती आणली आणि सी विंग मागे सरकवली. एकही फ्लॅट कमी झाला नाही. गेलं काय, तर सहा गाड्यांचं पार्किंग. घरं हवीत की झाडं, असा वाद जिथे तिथे ऐकतो. आमच्याकडे तो एका कागदावर, दहा टक्क्यांची जागा हलवून सुटला.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण सेल्स ऑफिसात अर्धवट सांगतात. शहरी भागात 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढचं झाड हेरिटेज धरलं जातं, आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी रोपं लावावी लागतात. आमच्या बिबळ्याचा घेर छातीच्या उंचीला सव्वासात फूट. त्यावरून वय काढलं बासष्ट. म्हणजे तोडला असता तर बासष्ट रोपं. कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण लाकूड कापून कड्या मोजणाऱ्या माणसाला विचाराल तर बिबळ्याची एक कडी म्हणजे एक पूर्ण पावसाळा, आणि बासष्ट पावसाळे एकावर एक बसल्याशिवाय तो घेर होत नाही. बासष्ट रोपं शेजारी शेजारी लावून तो मिळत नाही.

आता तक्रार. 2023 च्या मे महिन्यात हप्ता भरायला गेलो आणि सवयीने झाडाकडे वळलो. खोडाला पत्रे बांधले होते, बघून बरं वाटलं. जवळ गेलो तर दक्षिणेच्या बाजूला, खोडापासून पाच-सहा फुटांवर चर खणलेला. ड्रेनेजची लाइन. चराच्या भिंतीत मनगटाएवढी मुळं तुटलेली दिसत होती आणि त्यांतून लाल चीक आला होता. बिबळ्याचा चीक लाल असतो, ताजा असला की रक्तासारखा आणि वाळला की काळपट लाल, काचेसारखा कडक. मला हे माहीत आहे, कितीतरी वेळा पटाशीला लागलाय. तरी त्या दिवशी पोटात खड्डा पडला. चराच्या टोकाशी काँक्रीटच्या मिक्सरची गाडी धुऊन ते राखाडी पाणी तिथेच सोडलं होतं.

सुपरवायझर म्हणाला, “साहेब, झाडाला हातसुद्धा लावला नाही आम्ही.” तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी झाड म्हणजे खोड.

आप्पा तिथेच खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, “तुम्ही झाड ठेवू राहिले ते चांगलंच आहे, पण त्याचे पाय कापू राहिले ना!”

माझ्या सगळ्या सांगण्याचं सार त्या एका वाक्यात आहे. झाडाची खाणारी मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. सोटमूळ झाडाला उभं धरतं, पोसतात ही वरची मुळं. त्यांच्यावर रोलर फिरवला की माती दाबली जाते, हवा आणि पाणी आत जात नाही. सिमेंटचं पाणी मुरलं की मातीची चव बदलते. एका बाजूची मुळं तोडली की झाड त्याच वर्षी मरत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांनी शेंडा वाळायला लागतो, तोवर बिल्डर पुढच्या साइटवर गेलेला असतो आणि लोक म्हणतात, म्हातारं झालं होतं, गेलं.

मी, आप्पा आणि बुकिंग केलेली चार घरं मिळून बिल्डरच्या ऑफिसात गेलो. भांडण झालं नाही. ड्रेनेजची उरलेली लाइन वळवली, मिक्सर धुवायची जागा रस्त्याच्या बाजूला नेली. ऐकून घेतलं आणि केलं, हे मी मान्य करतो. तुटलेली मुळं मात्र तुटलीच.

ताबा मिळाला तेव्हा दुसरा धक्का. मोकळ्या जागेत खोडाला खेटून पेव्हर ब्लॉक, आणि बुंध्याभोवती तीन फुटांचा गोल सिमेंटचा कट्टा. माहितीपत्रकातल्या चित्रात फार सुंदर दिसत होता तो. पाणी जायला कट्ट्याच्या आतली वीतभर माती तेवढी उरली होती.

सोसायटीच्या पहिल्या सभेत ब्लॉक काढायचा विषय मी मांडला आणि वेगळंच निघालं. ए विंगमधल्या एका काकूंनी हात वर केला, “बिब्ब्याचं झाड सोसायटीत ठेवायचंच कशाला? मुलांच्या अंगावर फोड उठतील.” दहाजणांनी माना डोलावल्या. त्यांची भीती खरी होती, बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर कातडी जळते, आजीच्या काळापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण बिब्बा वेगळा आणि बिबळा वेगळा. मी दुसऱ्या दिवशी दुकानातून बिबळ्याचा जुना पेला आणून काकूंना दिला, रात्री पाणी भरून ठेवा म्हटलं. सकाळी त्यांनीच गॅलरीतून हाक मारून निळं पाणी दाखवलं. पुढच्या सभेत ठरावाला अनुमोदन त्यांचं होतं.

मग कट्टा फोडला. खोडापासून चारी बाजूंनी पंधरा फूट ब्लॉक काढले, खालची कच दोन दिवस हाताने वेचली, कारण तिथे मशीन लावायचं नाही असं ठरलं होतं. माती काट्याने हलकी सैल केली, शेणखत घातलं आणि वर पालापाचोळ्याचा थर. पाचोळा झाडून नेऊ नका हे सफाईवाल्या मावशींना सांगावं लागलं, त्यांना तो कचरा वाटायचा. सगळा मिळून खर्च घरटी साडेसहाशे रुपये आला. अर्धा बिल्डरने दिला.

2025 च्या नोव्हेंबरात तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी सुमारे 1,800 झाडांची नोटीस लागली आणि सगळं नाशिक जागं झालं. मीही दोन रविवार गेलो होतो. त्याआधी 2022 मध्ये उड्डाणपुलाच्या आड येणाऱ्या उंटवाडीच्या दोनशे वर्षांच्या वडासाठी लोक उभे राहिले होते. ज्या गावात पाच वडांवरून एका भागाचं नावच पंचवटी पडलं, तिथे हे व्हायलाच हवं. पण तपोवन सगळ्यांना दिसतं. मळ्यामळ्यांतून बांधावरचे बिबळे, शिसम, मोह पत्र्याच्या कुंपणाआड जातात, आणि आतला चर खोडापासून किती फुटांवर खणला हे बघायला कुणी नसतं. ते फ्लॅट घेणाऱ्यालाच बघावं लागेल, कारण हप्त्याच्या निमित्ताने साइटवर आत जायला त्याला मिळतं.

म्हणून बुकिंगच्या आधी महारेराच्या संकेतस्थळावरून मंजूर नकाशा काढा आणि त्यावर झाड दाखवलंय का बघा. दाखवलं असेल तर बेसमेंटची रेघ, ड्रेनेज आणि अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता त्याच्यापासून किती लांब आहेत ते पट्टी लावून मोजा. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर, कुंडीसारखी माती भरून लावलेली झाडं आणि जमिनीतलं झाड यांतला फरक विचारा. झाड कुठल्या जातीचं आहे ते सेल्सवाल्याला सांगता येतं का बघा, आमच्याकडे ‘ओल्ड ट्री’ एवढंच सांगायचे. आणि खोडाभोवती किती फूट माती उघडी ठेवणार हे लिहून घ्या. आम्ही लिहून घेतलं नव्हतं. आप्पांच्या करारातही ‘तोडायचा नाही’ एवढंच होतं.

गेल्या पावसाळ्यात तो फुलला. माझ्या बाल्कनीच्या बरोबर उंचीला पिवळे घोस, मधमाश्यांचा आवाज हॉलमध्ये ऐकू यायचा. फूल टिकतं थोडेच दिवस, पण तेवढ्यात खाली पार्किंगपर्यंत पिवळा सडा पडला आणि कुणीही गाडीवरून झटकताना कुरकुर केली नाही. नंतर शेंगा धरल्या, चपट्या, गोल, मधे बी आणि भोवती पापडासारखी कड. मुलं त्या गॅलरीतून भिरकावतात. बिया आम्ही गोळा केल्या, चाळीसेक पिशव्यांत लावल्या, सतरा उगवल्या. त्यांतली काही सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर जी देवराई उभी राहिली आहे तशा एखाद्या ठिकाणी द्यायचा विचार आहे, काही शेजारच्या स्कीमला.

झाड आणि त्याची मोकळी जागा धरून पाचपैकी चार देतो. पाचवा तारा दक्षिणेच्या फांदीवर अडकलाय. जिथे मुळं तुटली त्याच अंगाची, मांडीएवढी जाड फांदी. गेल्या वर्षी तिला पानं उशिरा आणि बारीक आली. सध्या सगळंच झाड निष्पर्ण आहे, त्यामुळे जिवंत कोण आणि वाळलेलं कोण ते कळत नाही. कमिटीतल्या दोघांचं म्हणणं, पावसाळ्यात पडेल, आत्ताच छाटू. मी नखाने साल खरवडून पाहिली, आत अजून हिरवट आहे. तिच्याखाली दोरी बांधून रस्ता बंद केलाय आणि पालवीपर्यंत थांबायचं ठरलंय. आप्पा रोज सकाळी काठी टेकत येतात, खाली उभं राहून वर बघतात आणि मला हाताने खूण करतात, अजून नाही.