घरच्या लिफ्टवर ११० आणि २२० : चौदा महिन्यांचा अनुभव

डेट्रॉइटच्या उत्तरेला आमचं घर. गॅरेज दोन गाड्यांचं आणि गाड्या तीन, म्हणून एक गाडी उचलून तिच्याखाली दुसरी लावता येईल अशी चार खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट बसवली. पहिले नऊ महिने इथल्या साध्या सॉकेटच्या ११० व्होल्टवर चालणारं १ हॉर्सपॉवरचं युनिट (मोटर, पंप आणि तेलाची टाकी) वापरलं, गेले पाच महिने २२० चं २ हॉर्सपॉवरचं. लिफ्ट तीच, सिलिंडर तोच, गाडीही तीच, त्यामुळे फरक फक्त मोटर-पंपाचा.

आधी वेग. १५०० किलोची सेडान वरच्या लॉकपर्यंत (गाडी वर अडकवून धरणाऱ्या खाचेपर्यंत) न्यायला ११० ला १ मिनिट ५० सेकंद लागायचे, २२० ला ५५ सेकंद लागतात. वजन आणि सिलिंडर तेच असल्यामुळे तेलाचा दाबही तेवढाच लागतो. जादा ताकद मिनिटाला जास्त तेल ढकलण्यात जाते. २२० लावलं म्हणून लिफ्ट जास्त वजन पेलेल असं मुळीच समजू नका, ती मर्यादा सांगाड्याची असते. उतरताना तर मोटर फिरतच नाही. वाल्व उघडला की गाडीच्या वजनाने तेल टाकीत परत जातं.

खरा त्रास झाला तो जानेवारीत. बाहेर उणे १५, गॅरेजला हीटर नाही. बटण दाबलं तर मोटर नुसती गुरगुरली, दिवे मंद झाले आणि ब्रेकर पडला. विकणाऱ्याने ‘कुठल्याही सॉकेटवर चालते’ असं छातीठोक सांगितलं होतं, त्याचा मला अजून राग आहे. ११५ व्होल्टवर (११० म्हणतात ते हेच) १ हॉर्सपॉवरच्या मोटरला वायरिंगच्या हिशोबात १६ अँपिअर धरतात, सुरू होताना तर त्याच्या कितीतरी पट लागतात. आमचं सर्किट १५ चं, त्यात मी ५० फुटांची बारीक एक्स्टेंशन जोडलेली. हात लावला तर वायर कोमट! शिवाय थंडीने तेल घट्ट झालेलं. स्वतंत्र २० अँपिअरची लाइन जाड वायरने ओढून घेतली आणि मॅन्युअलमध्ये चालतं म्हटलेलं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, भरलं. त्यानंतर ब्रेकर एकदाही पडला नाही. दोष मोटरचा नव्हताच.

मार्चमध्ये दुसरीच भानगड. वर जाताना गाडी वरच्या लॉकच्या जवळ पोचली की लिफ्ट थरथरायची, पंप खरखरायचा. पंप गेला असं समजून मी नवीन मागवणार होतो. कोल्हापूरला हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करणाऱ्या मामांना व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवला. ‘अरे, हवा ओढतोय तो. टाकी बघ आधी.’ झाकण काढलं तर तेलावर ताकासारखा फेस. लिफ्ट वर गेली की तेल सिलिंडरमध्ये जातं आणि टाकीतली पातळी उतरते. माझ्याकडे मुळातच तेल दीड लिटर कमी होतं. एक लक्षात ठेवा, तेल लिफ्ट पूर्ण खाली असतानाच भरायचं. वर असताना भरलंत तर उतरताना सगळं जमिनीवर येईल.

मग २२० कशाला? शनिवारी मित्रांच्या गाड्या येऊ लागल्या आणि लागोपाठ तीन-चारदा उचललं की जुनी मोटर हात ठेववणार नाही इतकी तापायची. नवीला ते जाणवतही नाही. तिच्यासाठी ३० अँपिअरचा दुहेरी ब्रेकर आणि १० गेजची तांब्याची वायर घातली. इलेक्ट्रिशियनचा खर्च युनिटच्या किमतीच्या जवळपास गेला. हिवाळ्यापुरती एक गाडी वर ठेवायची असेल, तर मी कोणालाही ११० च घ्यायला सांगेन.

आवाजाचं मात्र वाईट वाटतं. जुनी मोटर १७२५ आरपीएमची, नवी ३४५० ची, आणि ती किंचाळते. मुलीची खोली बरोबर गॅरेजच्या वर आहे, म्हणून रात्री नऊनंतर मी बटणाला हात लावत नाही.