‘नवा’ म्हणून विकलेला जलरोधक कॅमेरा : सांदणला जाण्यापूर्वी वाचावे असे काही

जलरोधक कॅमेऱ्याच्या व्यवहारात ग्राहकाला फसवणे इतर कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा सोपे आहे, कारण ज्या गुणासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो तो गुण दुकानात डोळ्यांना दिसत नाही. भिंगावरचा ओरखडा दिसतो, पडद्यावरचा मेलेला ठिपका दिसतो. पण आवरणाच्या सांध्यात बसलेली रबरी कडी मूळची आहे की एकदा उघडून पुन्हा चिकटवलेली, हे काउंटरवर उभे राहून कोणालाही सांगता येणार नाही. याच गोष्टीचा फायदा घेऊन, आधी पाणी शिरलेला आणि दुरुस्त केलेला एक कॅमेरा मला नवा, सीलबंद म्हणून विकण्यात आला, तोही जीएसटी क्रमांक असलेल्या पक्क्या बिलावर. कॅमेरा एका नामांकित कंपनीचा होता. कंपनीचा यात काही दोष नसल्यामुळे तिचे नाव घेत नाही, आणि प्रकरण अद्याप निकाली निघालेले नसल्यामुळे दुकानाचेही नाव देत नाही.

हा कॅमेरा सांदण दरीसाठी घ्यायचा होता. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या पाणलोटाजवळ असलेल्या साम्रद गावापासून ही दरी सुरू होते आणि खाली शहापूर तालुक्यातल्या डेहण्याच्या बाजूला उतरते. दोन्ही अंगांना काळ्या बसाल्टच्या शेकडो फूट उंच भिंती आहेत, आणि काही ठिकाणी त्या इतक्या जवळ येतात की तळापर्यंत ऊन फार थोडा वेळ पोहोचते. सुरुवातीच्याच भागात पाण्याची डबकी ओलांडावी लागतात. पावसाळा संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत ते पाणी कमरेपर्यंत, कधी त्याहूनही वर असते. म्हणजे कॅमेरा भिजणार हे निश्चित, आणि उजेड अपुरा असणार हेही निश्चित. या दोन अटी एकत्र आल्या की निवड फारच अवघड होते आणि नेमका इथेच विक्रेत्याला बोलायला वाव मिळतो.

ती निवड का अवघड होते हे थोडे आकड्यांत सांगतो, कारण हे आकडे माहीत असलेल्या माणसापुढे दुकानातले निम्मे बोलणे गळून पडते. खिशात मावणाऱ्या बहुतेक जलरोधक कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, १/२.३ इंची वर्गातला, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा असतो. एक इंची म्हणवणारा सेन्सर त्याच्या चौपट आणि साध्या मिररलेस कॅमेऱ्यातला एपीएस-सी सेन्सर जवळजवळ तेरापट मोठा असतो. सेन्सर लहान असल्यामुळे अंधारात सगळी मदार भिंगाच्या छिद्रावर राहते; छिद्राचा एफ आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. ऑलिंपस टीजी-६ आणि पुढे २०२३ साली ओएम सिस्टिम या नावाने आलेला टीजी-७ यांचे भिंग एफ/२ पासून सुरू होते, निकॉन डब्ल्यू३०० चे एफ/२.८ पासून, तर रिकोह डब्ल्यूजी-६ चे एफ/३.५ पासून. सांदणच्या सावलीत एफ/२ ला १/१५ सेकंद लागत असेल, तर त्याच चित्राला एफ/३.५ वर १/५ सेकंद लागतो, आणि १/५ सेकंद हातात कॅमेरा धरून, गुडघाभर पाण्यात उभे राहून स्थिर राहणे कठीण असते. टीजी-६ किंवा टीजी-७ वर झूम पूर्ण केला की भिंग एफ/४.९ वर जाते आणि येणारा प्रकाश एक षष्ठांश होतो. त्यामुळे दरीत झूमचा विचारच करू नये. खोक्यावर ठळक छापलेल्या आयएसओ १२८०० या प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्यालाही इतक्या लहान सेन्सरवर फारसा अर्थ नसतो. त्या आकड्यावर काळ्या खडकाचा पोत जाऊन नुसता रवाळ चिखल उरतो.

हे सर्व वाचून, मनाशी एक विशिष्ट मॉडेल ठरवूनच मी शहरातल्या छायाचित्रण साहित्याच्या बाजारात गेलो होतो. ज्या दुकानात शेवटी व्यवहार झाला तिथे चालू भावापेक्षा सुमारे पाच हजार रुपये कमी सांगण्यात आले आणि त्याचे कारणही पटण्यासारखे होते : जुन्या आयातीतला शेवटचा पीस, नवा माल येण्यापूर्वी काढून टाकायचा आहे. खोके प्लॅस्टिकच्या वेष्टनात होते. त्यावर आयातदाराचे नाव, पत्ता, आयातीचा महिना आणि कमाल किरकोळ किंमत असलेली चिठ्ठी होती. ही चिठ्ठी वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक असल्यामुळे ग्रे मार्केटचा, म्हणजे अधिकृत आयातदाराला वगळून आलेला माल ओळखताना आपण तीच आधी शोधतो. बिलावर अनुक्रमांक लिहिण्याचा आग्रह मी धरला आणि दुकानदाराने खोक्यावरून पाहून तो लिहिलाही. इथपर्यंत कोणत्याही सावध ग्राहकाला समाधान वाटावे असेच सारे होते. फसवणूक अशी होती की खोके एका कॅमेऱ्याचे होते आणि आतला कॅमेरा दुसराच होता. वेष्टनाचे प्लॅस्टिक तर गरम हवेच्या यंत्राने कोणत्याही दुकानात पाच मिनिटांत नव्याने चढवता येते.

त्याच बैठकीत ‘लो-लाइट कन्व्हर्टर’ नावाचे एक जोडभिंगही मला साडेतीन हजारांना देण्यात आले. ते पुढे लावले की प्रकाश दुप्पट होतो, असे सांगितले गेले. असे जोडभिंग म्हणजे विशालकोनी भिंगच; त्याने चित्राचा पसारा वाढतो, परंतु कॅमेऱ्याच्या भिंगाचा एफ आकडा त्यामुळे सुधारत नाही. प्रत्यक्षात सांदणमध्ये त्याने एवढेच केले की चित्रांचे चारही कोपरे काळे झाले आणि दोन काचांमध्ये पाण्याचा थेंब अडकून राहिला.

मूळ कॅमेऱ्याचा प्रकार पहिल्याच डबक्यानंतर उघड होऊ लागला. पाणी जेमतेम मांडीपर्यंत होते आणि कॅमेरा काही सेकंदच बुडाला होता, ज्याच्यावर पंधरा मीटर खोलीचा दावा छापलेला आहे त्याच्या दृष्टीने हे काहीच नव्हे. तरीही अर्ध्या तासात भिंगाच्या आतल्या बाजूला धुके धरले, मग झूमची मोटर करकरू लागली आणि दुसऱ्या डबक्यापर्यंत पडदा पांढरा होऊन कॅमेरा बंद पडला.

दुकानदाराला फोन केल्यावर उत्तर तयारच होते. आतले धुके म्हणजे गरम कॅमेरा थंड पाण्यात गेल्याने साचलेले बाष्प आहे, तांदळात ठेवा, आपोआप जाईल. या उत्तरात सत्याचा अंश असल्यामुळेच ते धोकादायक आहे. आत कोंडलेल्या दमट हवेचे दव भिंगावर जमते हे खरे, आणि धडधाकट कॅमेऱ्यातही तसे क्वचित होते. पण ते दव थोड्या वेळात विरते आणि त्याने मोटर गंजत नाही. ग्राहकाने असे दहा-पंधरा दिवस तांदळात घालवले की मग ‘आता फार उशीर झाला’ असे म्हणायला दुकानदार मोकळा होतो. मी कॅमेरा लगेच बॅटरी काढून कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात नेला आणि तोंडी निदानावर न थांबता लेखी अहवाल मागितला. त्या अहवालात तीन गोष्टी नोंदवलेल्या आहेत : आवरणाच्या स्क्रूंवर यापूर्वी उघडल्याच्या खुणा आहेत, पुढच्या कडीच्या सांध्यात मूळ नसलेला चिकट पदार्थ भरलेला आहे, आणि सर्किटवरचा हिरवट गंज काही दिवसांतला नसून जुना आहे. कॅमेऱ्याच्या अंगावरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता, आणि त्या क्रमांकाच्या कॅमेऱ्याची हमी परदेशात केव्हाच संपलेली होती.

यातले काय आधीच पाहता आले असते, हे वाचकाने विचारणे स्वाभाविक आहे. खोके, हमीपत्र आणि कॅमेऱ्याचे अंग या तिन्हींवरचे क्रमांक दुकानातच, दुकानदारासमोर ताडून पाहावेत. अंगावरचा क्रमांक तळाशी किंवा बॅटरीच्या दाराआड अतिशय बारीक अक्षरांत असू शकतो, म्हणून मोबाइलने त्याचा फोटो काढून तो मोठा करून वाचावा. नवे कोरे कार्ड घालून काढलेल्या पहिल्या चित्राच्या फाइलचा क्रमांक पाहावा; माझ्या कॅमेऱ्यात तो हजारांच्या घरात होता. हा क्रमांक पुन्हा शून्यावर आणता येतो, त्यामुळे तो लहान असला म्हणून निर्धास्त होऊ नये, पण मोठा असला तर दुसरा पुरावा लागत नाही. शक्यतो खोके उघडतानाचे सलग चित्रण दुकानातच करून घ्यावे. प्रामाणिक विक्रेता त्याला हरकत घेत नाही.

पाण्याची चाचणी मात्र विचारपूर्वक करावी. बॅटरी व कार्ड काढून, दारांच्या आत कोरड्या टिशू पेपरचा तुकडा ठेवून कॅमेरा अर्धा तास बादलीत बुडवला तर दारांची रबरी पट्टी ठीक आहे की नाही हे समजते, परंतु भिंगाभोवतीच्या किंवा बटणांखालच्या सांध्यांबद्दल त्यातून काहीच कळत नाही. चाचणी मुदतीतच करावी, आणि त्यासाठी परत घेण्याची मुदत किती आहे हे आधी बिलावर लिहून घ्यावे. धूळ-पाणी रोखण्याची क्षमता सांगणाऱ्या आयपी६८, आयपीएक्स८ अशा खुणांवरही विसंबू नये. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटे एवढे तरी निश्चित असते. त्यापुढच्या आठ या आकड्यात खोली आणि वेळ निर्मात्याने स्वतः सांगायची असते, त्यामुळे मोबाइलच्या स्वस्त पिशवीवर नुसते ‘आयपीएक्स८’ छापलेले असेल आणि मीटर लिहिलेले नसतील तर ती खूण पोकळ आहे. शिवाय रबरी कड्या झिजतात, आणि टीजी मालिकेच्या माहितीपुस्तिकेत तर त्या दरवर्षी बदलून घेण्याची शिफारस असते. वापरलेला जलरोधक कॅमेरा घ्यायचाच असेल तर कड्या बदलल्याची सेवा केंद्राची पावती मागावी. ती नसेल तर त्याला साधा कॅमेरा समजूनच किंमत ठरवावी.

खरे तर सांदणसारख्या ठिकाणी हा सारा खटाटोप आवश्यक आहे का, असाही प्रश्न आहे. तिथे बहुतेक चित्रे कोरड्या शिळांवर उभे राहून काढली जातात आणि पाण्याशी संबंध डबके ओलांडण्यापुरताच येतो. तोंड तीन वेळा गुंडाळून बंद होणाऱ्या एका जलरोधक पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात मोठ्या सेन्सरचा साधा कॅमेरा आणि सोबत छोटा ट्रायपॉड एवढ्यात कमी आयएसओवर सेकंद-दोन सेकंदांची चित्रे मिळतात, आणि काळ्या भिंतीतल्या छटा त्यातच दिसतात. पोहत किंवा धबधब्याखाली चित्रण करणाऱ्यांची गोष्ट अर्थात वेगळी आहे.

कायद्याची बाजू ग्राहकाला अनुकूल आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वापरलेली किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपवणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावरील मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा तशीच प्रथा आहे, त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला दबकण्याचे कारण नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडील तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

माझी नोटीस मिळाल्यावर दुकानदाराने निम्मी रक्कम देऊ केली, मात्र सेवा केंद्राच्या अहवालाची मूळ प्रत त्याच्या हवाली करण्याच्या अटीवर. तो प्रस्ताव नाकारून तक्रार दाखल केली आहे. कन्व्हर्टर बिलात दाखवलेलाच नाही. रोख दिलेल्या त्या साडेतीन हजारांबद्दल माझ्याकडे ‘प्रकाश दुप्पट होईल, गॅरंटी’ हा दुकानदाराचा व्हॉट्सॲप संदेश तेवढा आहे, आणि तोही तक्रारीला जोडलेला आहे.